तांब्या गळका नव्हता

भाऊजी, परवा विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. माणूस दाटीनं आलं होतं. इंदापूरकडच्या शाळेतली तुमची मास्तर मंडळी आली, तुमच्या हाताखाली शिकून नोकरीला लागलेली आली. एक जण म्हणाला, सरांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. दुसरा म्हणाला, विज्ञान राहू द्या, सरांनी खरं बोलायला शिकवलं. मग कुणीतरी माझ्याकडं वळून म्हणालं, "थोरल्या वहिनी, तुमी बी दोन शब्द बोला." मी उठले, पदर सावरला, तोंड उघडलं, आणि परत खाली बसले. मंडळींना वाटलं, म्हातारीला हुंदका आला. मंदानं, तुमच्या बायकोनं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. नवरा तिचा गेला, आणि धीर ती मला देत होती.

हुंदका नव्हता तो. घशाशी तांब्याची गोष्ट आली होती, आणि ती चारचौघांत सांगायचं माझं धाडस झालं नाही. म्हणून हितं लिहिते. तुम्हीच म्हणायचा, "वहिनी, बोलताना तुम्ही पाणी घालता. लिहिताना घालत नाही."

लिहायला तरी कुणी शिकवलं मला? तुम्हीच, न कळता. मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही पाटी घेऊन चुलीपुढं बसायचा, आणि मी पलीकडून भाकरी थापता थापता बघायची. अक्षरं मी उलटी शिकले. कितीक दिवस मला वाचायचं म्हणजे कागद फिरवून धरावा लागायचा. तुम्ही हसून लोळायचा. धाकटा दीर, पण लेकरासारखा वाढवला तुम्हाला. आणि त्याच लेकराशी मी खोटं बोलले.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मंदानं तुमची लोखंडी पेटी उघडली. तिच्यात तळाला हिरव्या पुठ्ठ्याची वही निघाली. मंदा म्हणाली, "ताई, ही तुमच्या गाईंची वही हाय. तुमीच ठेवा." मी म्हटलं, ठेव तितं. पण संध्याकाळी हातात घेतलीच. सहा-सात वर्षं झाली असतील त्या सगळ्याला. तुमचं ते बारीक, सरळ अक्षर. पानावर तीन रकाने पाडलेले. मोजलं. पाहिलं. ऐकलं.

ह्या तीन रकान्यांवरून आपलं पहिलं भांडण झालेलं आठवतंय का? मी तुम्हाला सांगितलं, कपिला आज रवंथ करत नव्हती. तुम्ही ते 'ऐकलं'मध्ये टाकलंत. मी तिथंच डोकावत होते.

"का हो भाऊजी, मी ह्या डोळ्यांनी बघितलं. 'पाहिलं'मध्ये का न्हाय? माझ्या डोळ्यांवर भरवसा न्हाय व्हय?"

"भरवसा आहे, वहिनी. पण वही माझी आहे. मी पाहिलं नाही, मी तुमच्या तोंडून ऐकलं."

"म्हंजे वड्याची चव मंदानं सांगितली तर वडा खरा न्हाय?"

"वडा खरा आहे. पण मी खाल्ला नाही ना."

पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्यासाठी वेगळी वही आणलीत. निळ्या पुठ्ठ्याची. म्हणालात, "तुमचे डोळे तुमच्या वहीत. सोमवार ते शुक्रवार मी इंदापुरात असतो, म्हणजे खरा प्रयोग तुमच्याच वहीवर उभा आहे." त्या दिवशी मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं, की मी ती वही धान्याच्या कोठीवर ठेवली, पोरांचा हात लागू नये म्हणून. आता वाटतं, तुम्ही तो मान मला द्यायला नको होता.

प्रयोग काय होता ते आता गावात कुणाला धड आठवत नाही. उसाच्या तोडी सुरू झाल्या, की आपल्याकडं चार महिने दावणीला वाढंच वाढं, उसाचे तोडलेले शेंडे. फुकटाचं हिरवं, गाई पोटभर खातात. पण तुमचं म्हणणं, वाढ्यात एक आम्ल असतं, ते गाईच्या अंगातला चुना धरून ठेवतं, म्हणून दुधाची गाय आतून पोकळ होत जाते. त्यावर चुन्याची निवळी शिंपडली तर ते आम्ल मारलं जाईल. कुठंतरी वाचलं होतं तुम्ही. मी म्हटलं, वाचलंय ना, मग शिंपडूया की सगळ्यांना. तुम्ही म्हणालात, "वाचलं म्हणजे तेही ऐकलंच. आपल्या गोठ्यात मोजू, मग बोलू."

गोठ्यात तेव्हा चार गाई. कपिला, चंद्री, आणि दोन जर्सी. तुम्ही ठरवलंत, दोघींना निवळी शिंपडलेलं वाढं, दोघींना साधं. महिन्यानं उलट करायचं, साध्यावाल्यांना निवळी आणि निवळीवाल्यांना साधं. कोपऱ्यात रांजण मांडला, त्यात कळीचा चुना विरवला, वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. एका गाईला एका वेळी एक तांब्या. पहिले आठ दिवस मात्र चौघींना साधंच दिलंत आणि दूध मोजलंत. मी म्हटलं, हे आठ दिवस वायाच. तुम्ही म्हणालात, आधी कोण कुठं उभं आहे हे माहीत नसेल, तर पुढं कोण किती चाललं हे कसं कळणार?

आणि मोजणं तरी किती शिकवलंत. बादली ताणकाट्याला टांगायची, पण आधी रिकामी टांगून तिचं वजन लिहायचं. दुधावरचा फेस बसेपर्यंत थांबायचं. काटा डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा, वरनं वाकून नाही. तीनदा वाचायचं, आणि तिन्ही आकडे लिहायचे, एक जरी वेगळा आला तरी लिहायचा. "आवडला नाही म्हणून आकडा हाकलायचा नाही, वहिनी. तो पाहुणा आहे. का आला ते विचारायचं." गणणं वेगळं आणि मापणं वेगळं, हेही तुमच्याकडूनच कळलं. वासरं गणायची, दूध मापायचं. वासरू अडीच नसतं, दूध अडीच किलो असतं. मी विचारलं, आणि शेण? ते ना गणता येतं ना मापता. तुम्ही जरासुद्धा हसला नाहीत. म्हणालात, शेणाला आकडा नाही, पण शब्द ठरवता येतात. पातळ, मऊ, घट्ट. रोज हेच तीन शब्द, चौथा नाही. आज 'बरं हाय' आणि उद्या 'ठीक हाय' असं लिहिलंत तर मला काय कळणार?

शेजारची शेवंता कुंपणावरनं हे सगळं ऐकायची. "सरांनी वहिनीला शेणाची मास्तरीण केली," म्हणायची. पण हसता हसता तिनं तिच्या दोन गाईंना निवळी सुरूसुद्धा केली. तिला आकडे नको होते. सर करतात म्हणजे काहीतरी असेल, एवढं तिला पुरे होतं.

आता चंद्रीचं सांगते. मी हे टाळत आले इतका वेळ.

चंद्री साध्यावाल्यांत होती. तिची आई व्यायल्यावर आठ दिवसांत गेली, आणि मी तिला चिंधी दुधात बुडवून वाढवली, हे तुम्हाला माहीत होतं. चिठ्ठ्या तुम्हीच टाकल्या होत्या, तिचं नाव साध्यात निघालं. मी म्हटलं, ही चिठ्ठी परत टाका. तुम्ही म्हणालात, मनासारखी येईस्तोवर टाकायची असेल तर चिठ्ठी कशाला?

पहिल्या सोमवारी मी कपिलाच्या वाढ्यावर तांब्या ओतला. ओल्या चुन्याचा वास सुटला. चंद्रीनं मान लांब केली आणि कपिलाच्या गव्हाणीकडं नाक नेलं, तर दावं आडवं आलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, भाऊजी. आणि मला माझं लहानपण दिसलं. गावजेवणात आम्हाला पंगतीच्या बाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसवायचे. पंगत उठल्यावर वाढायचे. आमच्या पानापर्यंत येताना भाजीतलं वांगं संपलेलं असायचं, नुसता रस्सा. माझा बाप खाली मान घालून खायचा. तुमचा जन्म त्यानंतरचा. तुम्हाला पंगत ठाऊक आहे, पंगतीबाहेरचं पान नाही.

मी तुम्हाला हे सांगितलं होतं. आधीच्याच रविवारी, चुलीपाशी. म्हटलं, "एकीला द्यायचं आन् दुसरीनं बघत बसायचं, हे मला व्हायचं न्हाय."

तुम्ही हातातली भाकरी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "वहिनी, ही पंगत नाही. महिन्यानं पाळी फिरणार आहे. आणि आज दोघी थांबल्या, तर उद्या अख्ख्या तालुक्याच्या गाईंना मिळेल."

"जनावराला काय कळतीय पाळी?"

"म्हणूनच त्यांना वाईटही वाटत नाही. वाटतंय ते तुम्हाला."

बरोबर होतं. मला वाटत होतं, म्हणून मी केलं. त्या सोमवारी चंद्रीला एक तांब्या शिंपडला. मग त्या दुसरीनं काय पाप केलं होतं, म्हणून तिलाही. आणि निळ्या वहीत लिहिलं, 'चंद्री, साधं.' मला तर पुण्य केल्यासारखं वाटलं. तुम्ही इंदापुरात असाल तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ, दोन महिने; पाळी फिरल्यावर साध्यावर आलेल्या कपिलाला आणि तिच्या जोडीदारणीलाही. दूध मी खरं मोजलं, तीन-तीनदा मोजलं, फेस बसू दिला. शेणाचे शब्दही खरे लिहिले. काट्याला मी एकदासुद्धा फसवलं नाही, आणि ह्याच गोष्टीवर मी मनाला समजावत राहिले, की माझे आकडे तर खरे आहेत. आकडे खरे होते. ते कशाचे होते, तेच खोटं होतं.

तिसऱ्या शनिवारी तुम्ही रांजणात पट्टी बुडवलीत. परत बुडवलीत. तुमच्या सवयीनं तिसऱ्यांदा. मग म्हणालात, "वहिनी, रांजण लवकर उतरतोय."

मी चुलीत लाकूड सारत होते. मागं न बघता म्हटलं, "तांब्या गळतुय हो. वाटंतच निम्मा सांडतुय."

एवढंच. इतक्या सहज निघालं, जसं काही कुणी आधीच तोंडात ठेवलं होतं. तुम्ही "बरं" म्हणालात. पुढच्या शनिवारी इंदापूरच्या बाजारातून नवा तांब्या घेऊन आलात. पितळी, जाड बुडाचा. मला म्हणालात, "हा गळणार नाही." मी त्याला पदरानं पुसलं आणि म्हटलं, "कशाला एवढा भारी आणलात." तुम्ही हसलात. तो तांब्या अजून आपल्या पाण्याच्या माठावर आहे. रोज त्यातनं पाणी पिते मी.

मग तुमचा निकाल. पारावर लोकं जमली होती, दूध घालून परतलेली. तुम्ही उभे राहून म्हणालात, निवळीनं फरक पडतो की नाही, हे मला सांगता येत नाही. माझ्या मोजणीत चूक राहिली. प्रयोग पुन्हा करावा लागेल. लोकं हसली. एक जण म्हणाला, "सर, दोन महिने शेण बघून ह्योच निकाल व्हय?" आणि मी, भाऊजी, मी त्यांच्यात होते. घरी आल्यावर मीही बोलले, "एवढं गाईंच्या मागं फिरून हाती काय आलं तर, सांगता येत न्हाय. मग सांगता काय येतंय तुमाला?" तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "एवढंच सांगता येतं, वहिनी, की सांगता येत नाही. हेही खूप वेळा कुणाला सांगता येत नाही." मला वाटलं, हरलेल्या माणसाचं बोलणं.

शेवंतानं दुसऱ्याच दिवशी निवळी बंद केली. "सरांनाच ठावं न्हाय तर मी कशाला चुना कालवू." पुढच्या तोडीला तिची थोरली गाय व्याली आणि तिसऱ्या दिवशी खाली बसली ती उठलीच नाही. मान पोटाशी वळवून बसली होती, अंगातला चुना संपलेली गाय बसते तशी. डॉक्टर बारामतीहून येईपर्यंत कारभार आटोपला. मी तितं उभी होते. तुम्हाला विचारलं, "भाऊजी, निवळी चालू असती तर?" माझ्या विचारण्यात काय होतं हे तुम्हाला कळलं असेल का? तुम्ही म्हणालात, "एका गाईवरून सांगता येत नाही." मी ते वाक्य उशाशी घेऊन इतकी वर्षं झोपले. एका गाईवरून सांगता येत नाही. खरंच आहे ते. पण चार गाईंवरून थोडं तरी सांगता आलं असतं, आणि ते मी होऊ दिलं नाही.

ह्या सगळ्याचं मी एक गाठोडं करून ठेवलं होतं. म्हणायची, त्यांना कुठं ठाऊक होतं. त्यांच्या मते तांब्याच गळका. मरताना तरी माझ्याविषयी मन साफ घेऊन गेले.

आणि मग ही हिरवी वही.

तिसऱ्या शनिवारचं पान. 'मोजलं'मध्ये, रांजणाची पातळी हिशोबापेक्षा खाली, जवळजवळ दुप्पट खर्च. 'पाहिलं'मध्ये काही नाही. 'ऐकलं'मध्ये, 'वहिनी म्हणाल्या, तांब्या गळतो.' मी वाचून जरा हसलेसुद्धा. बघा, परत माझं बोलणं 'ऐकलं'मध्ये.

मग पान उलटलं. दुसऱ्याच दिवशीचं, रविवारचं. 'मोजलं'मध्ये तुमच्या अक्षरात, 'जुना तांब्या काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर एक तास ठेवला. तीन वेळा. गळती नाही.'

आणि पुढच्या शनिवारी तुम्ही नवा तांब्या आणलात, भाऊजी. माहीत असताना. माझ्या हातात देताना म्हणालात, हा गळणार नाही. तुम्ही मला वाट करून देत होतात, आणि मी त्याला पदरानं पुसत बसले.

त्याखाली 'ऐकलं'च्या रकान्यात दोनच शब्द. 'वहिनींना विचारावे.' आणि पुढं अर्धं पान कोरं. दुसऱ्या सगळ्या पानांवर तुम्ही जागा सोडलेली नाही, कागद वाया घालवायचा स्वभाव नव्हता तुमचा. शेवटच्या पानावर, 'नोंदी भरवशाच्या नाहीत. दोष माझा. प्रयोग पुन्हा करावा.'

दोष माझा. पारावर हसं झालं ते तुमचं. का नाही विचारलंत? दर शनिवारी समोर बसून माझ्या हातची भाकरी खाल्लीत. एक शब्द विचारला असतात तर मी... नाही. पाणी घालत नाही. एक शब्द विचारला असतात तर मी परत खोटं बोलले असते. तुम्हाला ते माहीत असणार. ज्या उत्तराचा भरवसा नाही ते तुम्हाला वहीत नको होतं. म्हणून जागा ठेवलीत.

दोन दिवस मी ती कोरी जागा बघत होते. वाटलं, आपणच लिहावं तितं. पेन उघडलं, आणि तुमचंच आडवं आलं, तुमचे डोळे तुमच्या वहीत. तुमच्या वहीत माझं बोलणं म्हणजे ऐकलेलं. आता ते ऐकायला तुम्ही नाहीत. म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलंच पाहिजे.

आज सकाळी मंदाला समोर बसवलं. पेन दिलं. म्हटलं, मी सांगते ते ह्या रकान्यात लिही. तिला वाटलं, गाईंचं काहीतरी असेल. मी सांगत गेले. पहिल्या दोन ओळी तिनं लिहिल्या, मग हात थांबला.

"ताई, हे खरं हाय?"

"व्हय."

"किती दिवस देत होता?"

"पहिल्या सोमवारपासनं शेवटपतोर. आधी चंद्रीला आन् त्या दुसरीला, पाळी फिरल्यावर कपिलाला बी."

"आन् तांब्या?"

"गळका नव्हता."

मंदानं पेन वहीवर आडवं ठेवलं. मग म्हणाली, "पाराहून आले त्या दिवशी ते जेवले न्हाईत. तुमच्यापुढं ताटावर बसले, पण जेवले न्हाईत. मला वाटलं, लोकं हसली म्हणून." मग तिनं पूर्ण लिहिलं. खाली स्वतःची सही केली. मला म्हणाली नाही की जाऊ द्या. तिनं तसं म्हटलं असतं, तर मला ते सोसलं नसतं.

निळी वही माझी होती, ती मी सुधारली. तुम्ही शिकवलं तसं. खोडायचं नाही, एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रत्येक 'साधं'वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'निवळी दिली.' पानंच्या पानं. बोटं दुखून आली.

मग शेवंताकडं गेले. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं हातातली शेंग फोडून पूर्ण केली. दाणे सुपात टाकले.

"माझ्या गाईचं बी त्यात आलं म्हणायचं."

"एका गाईवरनं सांगता येत न्हाय, असं भाऊजी म्हणायचे."

"ते म्हणायचे. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, आलं."

तिनं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "आता काय करायचं म्हणतीस?"

"परत. पहिल्यापासनं. आपल्या दोन हायत, तुझ्या दोन. आठ दिवस साधं, मग चिठ्ठ्या."

"बरं," शेवंता म्हणाली. "पर ह्या खेपंला तांब्या माझ्या हातात. तू रांजणाला शिवायचं न्हाईस."

बरोबर आहे तिचं. तुम्हीसुद्धा हेच म्हणाला असता, फक्त जरा गोड करून.

तोडी सुरू झाल्यात, भाऊजी. वाढ्याची पहिली गाडी आज दुपारी उतरली. आठ दिवसांनी चिठ्ठ्या पडतील. आपल्या गोठ्यात आता चंद्रीची नात आहे, तिच्यासारखीच कपाळावर पांढरा ठिपका. तिचं नाव साध्यात निघालं, तर शेवंता पलीकडच्या गव्हाणीत तुमचा पितळी तांब्या ओतेल, ओल्या चुन्याचा वास सुटेल, आणि ती मान लांब करून माझ्याकडं बघेल. मला माझं पंगतीबाहेरचं पान आठवेल. आठवू दे. मी हात मांडीवर ठेवीन, फेस बसायची वाट बघीन, आणि काटा डोळ्यांसमोर आणून तीनदा वाचीन.